सिअ‍ॅटलमध्ये एकच दिवस, तोही पावसाचा, आणि बुडाखाली २८ फुटी आरव्ही. मदत हवी आहे

ओलीचिंब (मंगळवार, रात्री)

नमस्कार मंडळी,

आधी प्रश्न टाकते, रडगाणं नंतर. परवा गुरुवारी आमच्याकडे सिअ‍ॅटल बघायला एकच दिवस आहे आणि फोनवर सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत नुसती थेंबांची रांग दिसतेय. आम्ही आरव्हीत (भाड्याचं चाकांवरचं घर) राहतोय, दुसरी गाडी नाही, आणि सोबत आई-बाबा आहेत.

१. आरव्ही शहरात न्यावी का? नेली तर लावायची कुठे?
२. पावसात वयस्कर माणसांना आणि पाच वर्षांच्या कार्ट्याला एकाच वेळी आवडेल असं काय आहे?
३. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडमध्ये पाणी टपकतंय. त्याचं काय करू?

आता रडगाणं. आई-बाबा कराडहून तीन महिन्यांसाठी आलेत. बाबा ७२, आई ६८. बाबांनी चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं, आता भाऊ बघतो. त्यांचा उजवा गुडघा कुरकुरतो. सपाटीवर मैलभर सहज चालतील, जिने मात्र मोजून. आई ठणठणीत आहे, पण गुरुवारी नेमकी संकष्टी, म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपास. मुलाला जगात फक्त त्या वरच्या बेडवर उड्या मारायच्यात आणि गळतोय तोच बेड. गाडी नवरा चालवतो, त्यामुळे चालू गाडीत त्याला कुणी काही विचारायचं नाही असं ठरलंय.

पोर्टलंडहून आरव्ही उचलली. क्लास सी म्हणतात ती: तोंड टेम्पोचं, मागे घर. कॅनन बीच झालं, अ‍ॅस्टोरियाचा लांबलचक पूल झाला, मग ऑलिंपिक नॅशनल पार्कमधलं होह रेन फॉरेस्ट. इथे वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो असं मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, तर बाबा म्हणाले, "म्हणजे महाबळेश्वरापेक्षा कमीच की." विषय संपला.

गळती त्याच रात्री सुरू झाली. भाड्याने देणाऱ्यांना फोन केला तर म्हणाले, टॉवेल लावून ठेवा. टॉवेल एकूण पाच आहेत आणि पाचही ओले आहेत. घरात (घरच म्हणायचं आता) सगळीकडे दमट वास, काचांवर आतून पाणी, आणि दोरीवर वाळत घातलेले मोजे तीन दिवस वाळतायत.

उद्या संध्याकाळी सिअ‍ॅटलजवळच्या केंट गावातल्या एका आरव्ही पार्कमध्ये पोचू. वीज-पाण्याची जोडणी आहे, दोन रात्री तिथेच. शुक्रवारी पोर्टलंडला गाडी परत. म्हणजे सिअ‍ॅटल काय ते गुरुवारीच. जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा, ऊन नाही तर नाही.

---

उनाडटप्पू

एवढा काय विचार करताय? आरव्ही सरळ डाउनटाउनला न्या, स्टेडियमच्या आसपास रस्त्यावर लावा. भूक लागली की आत येऊन वरण-भात, झोप आली की झोप. घर सोबत असण्याचा फायदा तोच तर आहे. मी व्हॅन अशीच लावून रात्र काढली होती. आणि स्पेस नीडल, तो उंच मनोरा, चुकवू नका.

---

रेनियरखालचा

उनाडटप्पू, तुमची व्हॅन होती, यांची २८ फुटी आहे. सिअ‍ॅटलमध्ये ८० इंचांपेक्षा रुंद गाडी मध्यरात्री ते सकाळी सहा रस्त्यावर उभी करता येत नाही, काही औद्योगिक भाग सोडले तर. आरव्ही त्या मापात बसतच नाही. दिवसा लावायची तरी दोन गाड्यांची सलग जागा हवी, आणि ती चढावर मिळाली तर आई-बाबांना उतरवताना बघा काय होतं ते. डाउनटाउनचे रस्ते समुद्राकडे असे उतरतात की आपला कात्रजचा घाट बरा. त्यात पाऊस.

ताई, तुमच्या डॅशबोर्डवर गाडीच्या उंचीचा स्टिकर असेल. बहुतेक ११-१२ फुटांचा आकडा दिसेल. तो बघा आणि मग पार्किंगच्या इमारतींचा विचार सोडून द्या. आणखी एक: साधा जीपीएस कधीकधी लेक वॉशिंग्टन बुलेवार्डवरून अर्बोरेटम नावाच्या वृक्षउद्यानातून नेतो. तिथे रस्त्यावर एक जुना पादचारी पूल आहे, खालून मोकळी जागा ९ फूट. त्याला घासून छप्पर सोलून घेणारे ट्रक काही थोडे नाहीत. तुमचं छप्पर आधीच गळतंय.

म्हणून माझं स्पष्ट मत: आरव्ही केंटलाच राहू दे आणि तुम्ही नोकरदारांसारखे लोकलने या. केंट स्टेशनवरून साउंडर नावाची दुमजली रेल्वे आहे, सोमवार ते शुक्रवार. मुख्यतः सकाळी सिअ‍ॅटलकडे, दुपारनंतर परत. तुमचा गुरुवार आहे, नशीब समजा. शनिवारी आला असता तर हा मार्गच नव्हता. अर्ध्या तासात किंग स्ट्रीट स्टेशन. १८ वर्षांपर्यंतच्यांना तिकीट नाही, ज्येष्ठांना सवलत. कॅम्पपासून केंट स्टेशनपर्यंत टॅक्सी मागवा, पण मुलाचं बूस्टर सीट (गाडीत उंच बसवणारं आसन) विसरू नका, सुरक्षिततेसाठी हवंच. ते दिवसभर हातात वागवावं लागेल, त्याला इलाज नाही.

परतीची शेवटची गाडी चुकली तरी घाबरू नका. किंग स्ट्रीटच्या शेजारीच लाइट रेलचं स्टेशन आहे, ती रात्री उशिरापर्यंत धावते. दक्षिणेला टकविलापर्यंत या आणि पुढे टॅक्सी.

स्पेस नीडलबद्दल: पावसात वर जाऊन ढगाच्या आतली बाजू दिसते. पैसे वाचवा.

---

चाकावरचं_घर

फक्त गळतीपुरतं लिहितो, सिअ‍ॅटलचं वर आलंच आहे.

वरच्या बेडच्या नाकावर बाहेरून पाच छोटे नारिंगी दिवे असतात. बहुतेक वेळा पाणी तिथूनच येतं, नाहीतर त्या बेडच्या खिडकीच्या कडेतून. गाडी भाड्याची आहे, तेव्हा छपरावर चढून स्वतः काही चिकटवू नका. उद्या तेच म्हणतील की तुम्हीच बिघडवलं. आत्ताच फोटो आणि व्हिडिओ काढा, तारीख-वेळ दिसेल असे, आणि त्यांना लेखी कळवा. फोनवर बोललेलं कुणाला आठवत नाही.

कॅम्पवर गाडी लावताना पुढची चाकं लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर बोटभर चढवा, छपरावरचं पाणी मागे वाहून जाईल. जास्त नको, गॅसवर चालणाऱ्या फ्रीजला गाडी जवळपास सपाट लागते. गादी उचलून उभी करा. खालची फळी ओली राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरते.

दमटपणाचं म्हणाल तर पाच माणसांचा श्वास, त्यात स्वयंपाकाची वाफ. सगळं बंद करून बसलात की ते काचेवरच येणार. छपरावरचा झरोका दोन बोटं उघडा ठेवा, पाऊस असला तरी. आणि गाडीचा हीटर लावा. तो गॅसवर चालतो, पण त्याचा धूर बाहेर जातो, त्यामुळे आतली हवा कोरडी होते. शेगडी पेटवून ऊब मात्र घेऊ नका, त्याने वाफ वाढते आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका वेगळाच. मोज्यांसाठी कॅम्पच्या लाँड्रीतला ड्रायर. दोरीचा नाद सोडा.

शुक्रवारी निघताना स्लाइड (आरव्हीचा बाहेर सरकणारा भाग) आत घेण्याआधी तिच्या डोक्यावर साचलेलं पाणी वायपरने ओढून टाका. नाहीतर ती बादलीभर पाणी घेऊन घरात शिरते. अनुभवाचे बोल, माझ्या सासूबाई सोफ्यावर बसल्या होत्या.

---

ओलीचिंब

रेनियरखालचा आणि चाकावरचं_घर, किती आभार मानू? नवऱ्याला वाचून दाखवलं. ९ फुटी पुलाच्या ओळीशी आल्यावर त्याने गाडी बाजूला घेतली (खरंच) आणि म्हणाला, लोकल.

आता पुढचा प्रश्न. किंग स्ट्रीटला उतरल्यावर काय? मला ते जमिनीखालचं सिअ‍ॅटल बघायचंय, पण बाबांचा गुडघा. आणि आईचं उपासाचं काय? साबुदाणा आहे, पण डब्यातली थंड खिचडी म्हणजे चघळत बसायची शिक्षा.

---

रेनियरखालचा

जमिनीखालची सहल चांगली असते, पण सव्वा तास उभं राहणं, बरेच जिने आणि ओबडधोबड जमीन. बाबांना नको. गोष्ट मात्र सांगा त्यांना. ६ जून १८८९ ला एका सुताराच्या दुकानात सरसाचं भांडं उतू गेलं आणि शहराचा सगळा व्यापारी भाग जळाला. पुन्हा बांधताना रस्ते एक-दीड मजला उंच केले, कारण भरतीला खालचा भाग तुंबायचा. पण दुकानांची दारं जुन्याच पातळीवर राहिली. काही काळ लोक रस्त्यावरून शिडीने फुटपाथवर उतरत. नंतर वर नवे फुटपाथ आले आणि जुने झाकले गेले. स्टेशनजवळच्या पायोनियर स्क्वेअर भागात चालताना खाली बघा, फुटपाथमध्ये जांभळट काचेचे चौकोन बसवलेले दिसतील. खालच्या फुटपाथला उजेड मिळावा म्हणून घातलेले. काच मुळात पारदर्शक होती, त्यातल्या मँगनीजमुळे उन्हाने जांभळी झाली. (सिअ‍ॅटलच्या उन्हाने! बसा हसत.) हे बघायला तिकीट नाही, जिनाही नाही.

बाबा दुकानदार आहेत ना? मग त्यांच्यासाठी पायोनियर स्क्वेअरमधलंच क्लोंडाइक गोल्ड रशचं छोटं संग्रहालय. नॅशनल पार्क सर्व्हिसचं, फुकट. उघडण्याची वेळ आदल्या दिवशी बघून घ्या. १७ जुलै १८९७ ला पोर्टलंड नावाची बोट अलास्काकडून सोनं घेऊन इथे लागली आणि लोक वेडे झाले. सोन्याचं क्लोंडाइक होतं कॅनडात, आणि तिथले पोलीस वर्षभराची शिधासामग्री सोबत असल्याशिवाय हद्दीत घेत नसत. म्हणजे माणशी जवळजवळ एक टन सामान. पीठ, बेकन, बीन्स, दोरखंड, तंबू. ते सगळं विकलं कुणी, तर सिअ‍ॅटलच्या दुकानदारांनी.

---

खमंग

आईंसाठी: पाईक प्लेस मार्केट. १९०७ पासूनचं आहे, बरंचसं छपराखाली. ऑक्टोबर म्हणजे वॉशिंग्टनच्या सफरचंदांचा आणि नाशपातींचा मोसम, चवीला काप देतात. उपासाला याहून काय हवं? थर्मासमध्ये दूध न्या. खिचडीचा हट्ट सोडा, ती रात्री गरम करा. मासे फेकणारा स्टॉल अगदी प्रवेशाशीच आहे, शाकाहारी मंडळींनी आधीच ठरवून घ्या कुठल्या बाजूने आत शिरायचं ते. मुलाला रेचल नावाची ब्राँझची डुकरीण दाखवा, तिच्या पाठीत नाणी टाकतात. लोकांनी चघळून चिकटवलेल्या च्युइंगमची भिंत आईंना दाखवू नका. मी दाखवली. अजून ऐकून घेते.

चंद्र ढगात असला तर पंचांगाची वेळ धरायची, आमच्याकडे तरी तसंच. पण सिअ‍ॅटलची वेळ काढा, कराडची नाही. आमच्या सासरी एकदा पुण्याच्या वेळेने नैवेद्य झाला आणि सगळे भर सकाळी जेवले.

---

रेनियरखालचा

एक राहिलं. वेळ असेल तर सकाळी आधी बोटीने जा. स्टेशनपासून कोलमन डॉक चालत पंधरा मिनिटं. बेनब्रिज बेटाची फेरी, ३५ मिनिटं जायला, तेवढीच यायला. पायी जाणाऱ्यांकडून जातानाच पैसे घेतात, येताना नाही. बसून मोठ्या काचेतून पाऊस बघायचा. पलीकडे एकदा उतरून परत चढावं लागतं, बसून राहू देत नाहीत.

दुपारी सेंट्रल लायब्ररी. २००४ साली उघडली, ११ मजले, सगळी तिरपी काच आणि लोखंडाची जाळी. लिफ्ट आहे, बाथरूम आहेत, दहाव्या मजल्यावर वाचनकक्ष आहे, मुलांचा विभाग तळाशी. पाऊस काचेवर पडतो आणि आपण कोरडे.

---

उनाडटप्पू

रस्त्यावर लावायचं मागे घेतो. नीडलचं घेत नाही.

---

ओलीचिंब (शनिवार, घरून)

मंडळी, धाग्याचं देणं फेडते.

साडेसातच्या सुमाराची साउंडर मिळाली. वरच्या मजल्यावर बसलो. गाडीत एकजात सगळे कामावर जाणारे, झोपलेले किंवा फोनमध्ये. बाबा खूश. "ही खरी माणसं," म्हणाले. दहा दिवस जंगलं आणि समुद्र बघून त्यांना माणसांची भूक लागली होती हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. किंग स्ट्रीट स्टेशनच्या पांढऱ्या नक्षीदार छताखाली त्यांनी पाच मिनिटं मान वर करून काढली.

पाऊस होता, पण रेनियरखालचा, तुमच्या गावाची जरा जास्तच बदनामी आहे. सारखा, बारीक, कंटाळवाणा. छत्री फक्त आईकडे होती, कराडहून आणलेली, आणि अख्ख्या रस्त्यावर तिची एकटीचीच. लोक जॅकेटची टोपी चढवून आरामात चालत होते. घरी आल्यावर आकडे बघितले: सिअ‍ॅटलला वर्षभरात हजार मिलिमीटरच्या आत-बाहेर, आणि मुंबईला एकट्या जुलैत आठशेच्या वर. बाबांना सांगितलं नाही. आधीच फार झालंय त्यांचं.

बोटीवर मुलगा पहिल्यांदा बेडच्या उड्या विसरला. पलीकडे काठ दिसत नव्हता, सगळं राखाडी, त्यातून मध्येच दुसरी पांढरी बोट निघून गेली. आई म्हणाली, रेवसला जाताना असंच दिसायचं. पावसात बाहेर डेकवर उभी राहिली ती पंधरा मिनिटं. मी आत ओढायला गेले तर म्हणाली, तुझ्या त्या डब्यात बसून बसून अंग आंबलंय.

क्लोंडाइकला अर्धा तास ठरवला होता, दीड तास गेला. तिथे एका माणसाला लागणाऱ्या सामानाची यादी आहे. बाबांनी ती ओळ न् ओळ माझ्याकडून वाचून घेतली. मग मनात हिशेब सुरू. एवढं पीठ, एवढी साखर, पोती किती, गोदाम केवढं. तिथल्या रेंजरबाईंना त्यांनी माझ्यामार्फत विचारलं की उधारी चालायची का. बाई बिचाऱ्या विचारात पडल्या. बाहेर पडताना बाबा म्हणाले, "सोन्याला गेलेले काय परत आले असतील नसतील, पण ज्याने पीठ विकलं तो निवांत झोपला असणार." जांभळ्या काचा दाखवल्या त्या मात्र त्यांना फारशा पटल्या नाहीत.

लायब्ररीत मी आणि नवरा दोघंही दहाव्या मजल्यावर खुर्चीत झोपलो, अक्षरशः. आई मुलाला घेऊन खाली होती. तिने त्याला इंग्रजी चित्रांच्या पुस्तकातून मराठीत गोष्ट सांगितली, आजूबाजूची दोन पोरंही बसली होती म्हणे.

मार्केटला पोचेपर्यंत चार वाजले, घाई झाली. नाशपाती घेतल्या, सफरचंदं घेतली. मासे टाळायचे म्हणून मागून शिरलो आणि नेमके दुसऱ्या मासेवाल्याकडे निघालो. खमंग, तुमचं ऐकून भिंतीकडे फिरकलो नाही. बूस्टर सीट दिवसभर नवऱ्याने काखेत वागवलं, शेवटी शेवटी बाबांनी त्याचाच स्टूल केला.

परतीची गाडी व्यवस्थित मिळाली. चाकं ठोकळ्यांवर चढवल्याने गळती निम्म्याने कमी झाली, थांबली नाही. खाली पातेलं ठेवलं. हीटर आणि झरोका ही जोडी मात्र जादू आहे, मोजे वाळले.

चंद्रोदय आठच्या आसपास होता. आकाशात काही नाही. आईने पंचांगाची वेळ धरली, दुधातल्या शिऱ्याचा नैवेद्य दाखवला, दाराच्या पायरीवर उभं राहून ढगांनाच नमस्कार केला आणि गरम खिचडी जेवली. रात्री साडेअकराला पातेलं रिकामं करायला मी उठले, तर बाहेर लख्ख चंद्र, आरव्ही पार्क चमकतोय सगळा. धावत जाऊन आईला उठवलं. तिने एक डोळा उघडला, "जेवले मी," म्हणाली आणि कूस बदलली.

शुक्रवारी स्लाइडवरचं पाणी पुसूनच आत घेतली. गाडी परत देताना फोटो आणि ईमेल दाखवले. डिपॉझिटचं बघून सांगतो म्हणालेत. पैसे आले तर इथेच लिहीन.